अकरा दहाची नोंद

नाही हो, चिथावणी नाही — चिथावणी कशी असेल? मोबाईलचं काय घेऊन बसलात, त्याच्यात शब्द घातला की हाताला लागेल तो अर्थ काढून देतो तो — दाखवा बघू. अर्जिंग. हाच शब्द, बरोबर. आणि त्याने काय दाखवलं — प्रवृत्त करणे, भरीस घालणे, चिथावणे — अगंबाई, तिन्ही एका ओळीत! म्हणजे धीर देणारी आई आणि आग लावणारा टगा एकाच बाकावर बसवले की त्याने. बसा, बसा आधी. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडा आहे, ही घ्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पाठवलं ना तुम्हाला? तो सगळ्यांनाच पाठवतो — त्या बाईंकडे जा, हॉस्पिटलचं इंग्रजी सोपं करून सांगतात म्हणून. खरं आहे, तेवढं एक येतं मला. चौतीस वर्षं नर्स होते, आता परदेशी जाणाऱ्या पोरींचा क्लास घेते — त्याही नर्सच, काम सगळं येतं, पण इंग्रजीत नोंद लिहायची म्हटली की हातपाय गाळतात. पाच वाजता येतील त्या, तोवर मी मोकळीच आहे. तर — वडिलांचा कागद. ते गेले त्या दिवसाचा. एकोणीस वर्षांनी हातात आला, का तर हॉस्पिटलची जुनी इमारत पाडतायत म्हणून रेकॉर्डरूम रिकामी केली आणि ज्याचे कागद त्याला देऊन टाकले. हो, ऐकलंय मी. पाडतायत म्हणून ऐकलंय.

पाणी घ्या ना, चहा नको तर. आता हा फळा बघा — ही शिडी मी काढलेली, पुसतच नाही, मार्करची शाई पार मुरलीय त्यात. माणसाला एखादी गोष्ट करायला लावायची, त्याचे हे सगळे शब्द. किती करून ठेवलेत बघा इंग्रजीत! सगळ्यात खालची पायरी एन्करेज — पाठीवर हात ठेवायचा, जमेल तुम्हाला म्हणायचं, नाही जमलं तर राहू दे म्हणायचं, संपलं. तिच्यावर कोक्स — लाडीगोडी लावायची, एवढा एकच घास, माझं ऐका, मग नाही त्रास देणार — लहान मुलांना आणि म्हाताऱ्या पुरुषांना हेच लागतं, दोघेही सारखेच हट्टी. मग परस्वेड — हे डोक्याचं काम, कारणं द्यायची, पटवायचं, माणूस स्वतःहून हो म्हणेपर्यंत थांबायचं. मग तुमचा शब्द. अर्ज. ऑफिसात देतो तो अर्ज नव्हे हां, पोरी दरवेळी हसतात इथे. हा म्हणजे कळकळीने सांगणं. जीव तुटतो म्हणून सांगणं. इथपर्यंत सगळं माणुसकीचं — ह्याच्यावर मात्र चढ लागतो. नॅग म्हणजे भुणभुण, प्रॉड म्हणजे ढोसणं, एग ऑन म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं — चार जण खाली उभे राहून चढ चढ म्हणतात आणि पडला की आपापल्या घरी जातात — आणि इनसाइट, तुमच्या मोबाईलची ती चिथावणी, ती कुठे तर दंगलीच्या बातम्यांत. बघितलंत? तुमचा शब्द खालून चौथा. प्रेमाचा शब्द आहे तो. त्याच्या पुढे — सगळ्यात वर? तिथे काही नाही. म्हणजे आहे एक शब्द, पण तो शिकवून झाला की मी पुसून टाकते. सवय आहे आपली.

द्या कागद. चष्मा कुठे गेला — गळ्यातच आहे, बघा, हे असं होतं. हं. नोंद ही अशीच लिहितात, आधी वेळ, मग काय केलं, मग काय झालं, मग सही. वेळ पहिली, काही झालं तरी वेळ पहिली — पोरींना मी हेच बडवते, पेशंट जमिनीवर पडलेला असला तरी एक नजर घड्याळाकडे गेलीच पाहिजे. पेशंट एन्करेज्ड टू मोबिलाइज — चालण्यासाठी धीर दिला. हे काय, प्रत्येकच नोंदीत असतं. पेशंटवर खेकसलात तरी एन्करेज्ड, बखोटीला धरून उठवलंत तरी एन्करेज्ड, सगळ्या वॉर्डांत सगळ्या नर्सा सगळ्या दिवसभर एन्करेजच करत असतात — त्या एका शब्दाखाली काय काय झाकलंय ते त्या खाटांना विचारावं. पेशंट अनविलिंग — म्हणजे तयार नव्हते. मग — ॲम्ब्युलेटेड सेव्हन स्टेप्स ऑन डॉटर्स अर्जिंग. मुलीच्या आग्रहावरून सात पावलं चालले. सडन कोलॅप्स, एकदम कोसळले. डॉक्टरांना कळवलं. झालं, चार ओळी. सही? सही काही कळायची नाही हो, आम्हा लोकांच्या सह्या म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावरून गेलेली. सोडा ती.

आणि ह्या एका शब्दासाठी तुम्ही रजा टाकून आलात? — वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या तुम्ही, तू म्हटलं तर चालेल ना? — हे बघ, तू त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलंस चाला म्हणून, हो ना? काय सांगितलंस ते आठवतंय? — ‘चालला नाहीत तर घरी नेणार नाही.’ — मग? त्यात काय झालं? कुठली मुलगी म्हणत नाही असं? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चालवावंच लागतं, निजून राहिला तर फुप्फुसात पाणी भरतं, पाठीला जखमा होतात, हजार भानगडी. तू आग्रह केलास, मायेने केलास, तेच इथे लिहिलंय. त्यांना कंटाळा येणारच उठायचा, शिंप्याचं अंग ते, जन्मभर मशीनवर वाकलेलं — माझे पाय मशीन चालवायचे आहेत, चालायचे नाहीत असं तर ते स्वतःच —

काय? हो, शिंपी. तूच म्हणालीस ना मघाशी. नाही म्हणालीस? मग कागदावर असेल, वर व्यवसायाचा रकाना असतो त्यात — रिकामाय? बरं, रिकामाय. मग औषधवाला म्हणाला असेल, तो बडबड्याच आहे. त्याला कसं माहीत ते मला काय माहीत, गाव छोटं असतं आपलं. तू पाणी नाही प्यायलीस. पंखा वाढवू का? हा पंखा दोनवरच बरा, तीनला आवाज करतो.

भाऊ? भावाचं काय मध्येच? — थांब, सावकाश सांग. त्याच दिवशी? म्हणजे त्याला फोन गेला, तो तुझ्याआधी पोचला, आणि ही फाईल टेबलावर उघडीच पडली होती — हो, उघडीच पडलेली असते ती — आणि त्याला इंग्रजी येतं. त्याने वाचलं. मग तू आलीस तेव्हा तो जिन्यात — सगळ्यांसमोर? ‘तूच मारलंस बाबांना, तिथे लिहिलंय’ असं म्हणाला? आणि मग? नाही, मग म्हणजे — मग कधी बोलला नाही? एकोणीस वर्षं? तुझ्या लग्नाला? नाही आला. आईच्या आजारपणात एका घरात दोघं, तो पुढच्या खोलीत आला की तू मागच्या. आणि आई? आई काही म्हणाली नाही — काहीच म्हणाली नाही, बरोबर, ते अजून वाईट. अगं पण — अगं पण हा कागद कपाटात जातो! कोण वाचतं हे? आम्ही लिहितो ते कुणी वाचत नाही, वर्षातून एकदा तपासणीवाला येतो, तो सही आहे का तेवढं बघतो. घरच्यांनी वाचायचं नसतं ते. घरच्यांसाठी लिहिलेलंच नसतं ते.

परत सांग, शेवटचं. मुलाला तू — काय? अभ्यास कर म्हणत नाहीस. कधीच? परीक्षेला तो उशिरापर्यंत झोपला होता आणि तू त्याच्या दारात उभी, पेपर चुकला त्याचा, पण ऊठ म्हणाली नाहीस. आईला औषध घे म्हणाली नाहीस, बाटली नुसती समोर ठेवायचीस. नवऱ्याला सिगारेट सोड म्हणत नाहीस. का, तर तू म्हटलंस आणि काही झालं तर. — एका शब्दावरून. चौथ्या पायरीवरच्या.

थांब हं जरा. खिडकी लावते, ऊन येतंय तुझ्या तोंडावर.

कागद घे हातात. माझ्या नको, तुझ्याच हातात धर. पहिला आकडा वाच. अकरा दहा. सकाळचे, रात्रीचे असते तर नोंद दुसऱ्या शाईत असती. आता मला सांग, त्या हॉस्पिटलात भेटायची वेळ काय होती? चार ते सहा. संध्याकाळी चार ते सहा, लोखंडी दाराला कुलूप असायचं तोपर्यंत, पुढाऱ्याचा मेव्हणा आला तरी उघडायचे नाहीत. मग सकाळी अकरा दहाला तू कुठे होतीस? — कामावर. लेबलं चिकटवत होतीस. मग अकरा दहाला त्या वॉर्डात कुठली मुलगी आग्रह करत होती? एकोणीस वर्षांत तो आकडा आणि ती ओळ कुणी शेजारी ठेवून बघितली नाही — तुझ्या भावाने नाही, एवढं त्याचं इंग्रजी असून, डॉक्टरांनी नाही, तू नाही. वेळ खोटी घालायचं सुचलंच नाही मला. नजर घड्याळाकडे गेली, हाताने लिहिलं. वेळ खरी आहे ती. आणि सही — ती मुंगी माझी आहे.

बस. नको, उठू नकोस, ऐकून जा, मग काय करायचं ते कर. त्यांना शिंपीकाका म्हणायचे सगळे, खाट नंबर बारा, खिडकीपासची. मला ताई म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, ताई, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, शिवणाऱ्याला सांगत जा, नाहीतर गळा सारखा त्या बाजूला ओढला जातो — आणि खरंच ओढला जायचा, अठरा वर्षं मी युनिफॉर्म उजवीकडे ओढत होते आणि मला कळलं नव्हतं का ते. घरी गेलो की पाठवून द्या, म्हणाले, दोन टाके घालून देतो. अशी थट्टामस्करी दिवसभर. चालायचं नाव काढलं की मात्र काहीतरी सबब. आज पाहुणे यायचेत, आज जमीन गार आहे, माझे पाय मशीन चालवायचे आहेत. वॉर्डात सगळे हसायचे, मीही हसायचे. पण भिंतीवर तक्ता होता आमच्या — ऑपरेशननंतर कोण कधी चाललं त्याचा — प्रत्येक खाटेसमोर खूण करायची, आणि अकरा वाजता मोठ्या सिस्टर यायच्या, तक्त्यापुढे उभ्या राहायच्या, रिकाम्या चौकटीवर पेन नुसतं टेकवायच्या. टक. बारा नंबरच्या चौकटीवर दोन दिवस टक झालं होतं. तिसऱ्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. मी शोधलंय खूप, दुसरं सापडत नाही.

अकराला पाच कमी होती मी खाटेपाशी गेले तेव्हा. म्हटलं चला काका. ते हसले नाहीत. म्हणाले, ताई, आज राहू द्या ना, पोटरी दुखतेय, दगड झालाय नुसता. — आता हे तुला कळणार नाही, पण पहिल्या वर्षाच्या पोरीला विचार, पोटरी दुखते म्हटल्यावर काय करायचं, ती झोपेत सांगेल. हात लावायचा. गरम आहे का बघायचं, सुजली आहे का बघायचं, आणि माणसाला जागचं हलू न देता डॉक्टरला बोलवायचं, कारण आत रक्ताची गाठ झालेली असते, चालवलं की ती सुटते आणि वर छातीत जाते. मला माहीत होतं. मी शिकवते ते आता, तेव्हाही माहीत होतं. पण पहिल्या दिवशी पाहुणे होते, दुसऱ्या दिवशी जमीन गार होती, तिसऱ्या दिवशी पोटरी — मला ती तिसरी सबब वाटली. मी चादरसुद्धा वर केली नाही. एक हात, एवढा एक हात पुढे केला असता तर — नाही केला.

तुला वाटेल मी ओरडले. ओरडणं परवडलं असतं. ह्या शिडीवरचा तो सगळ्यात वरचा शब्द, जो मी पुसते, तो गोड — नावावर जाऊ नकोस. बैल थांबला की त्याला टोचायची काठी असते ना, टोकाला खिळा लावलेली, पराणी — तो शब्द तिथून आलाय. मारायचं नाही, दुखेल तिथे टोचायचं. आणि माणसाला कुठे दुखेल ते त्याला ओळखणाऱ्यालाच कळतं. मी तीन दिवसांत ओळखलं होतं त्यांना. तूच होतीस ती जागा. माझी पोर, माझी पोर, दिवसभर तेच. तर मी म्हटलं, तुमची मुलगी रोज दोन बस बदलून येते, आणि तुम्ही तिच्यासाठी दोन पावलं टाकत नाही? त्यांनीच मला सकाळी हसत हसत सांगितलं होतं, काल पोरगी रागावली, म्हणाली घरी नेणार नाही — हसत सांगितलं होतं गं, कौतुकाने, बघा कशी दटावते मला म्हणून. मी तेच उचललं. म्हटलं, बरोबरच म्हणाली ती. ओझं कोण नेतं घरी?

हो. ओझं म्हटलं मी. तू नाही म्हणालीस, मी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पाय खाली सोडले. मी काखेत हात दिला आणि मोठ्याने मोजायला लागले, मोठ्या सिस्टर दारापर्यंत आल्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून — एक, दोन, तीन — चांगले चालले, सरळ चालले, ओठ घट्ट मिटून. सातला थांबले. म्हणाले, ताई, बस्स. आणि मी म्हटलं — पुढचा आकडा म्हटला मी. त्यांनी बस्स म्हटल्यावर. तो आकडा तोंडातून निघायला आणि माझ्या हातावर सगळा भार यायला एकच गाठ पडली. आता माझ्या ह्या घरात खाटेपासून मोरीपर्यंत किती पावलं आहेत विचार मला. मी सातव्याला थांबते. दिवसाउजेडी, घरात कुणी नसताना, भिंतीला हात लावून थांबते, कुणीतरी बस्स म्हणेल म्हणून. मग जाते पुढे. क्लासमध्ये पोरींना प्रसंग करायला लावते, एक पेशंट होते, दुसरी तिला उठवते — सगळे शब्द करून घेते, हा नाही करू देत. गेल्या महिन्यात एक पोर वात्रटपणे करायला गेली, मैत्रिणीला म्हणाली, लाज नाही वाटत का लोळत पडायला, ऊठ — मी डस्टर फेकला तिच्या अंगावर. मला सगळ्या प्रेमळ बाई समजतात.

आणि मग नोंद लिहायला बसले. डॉक्टर म्हणाले, गाठ असेल, आधी काही तक्रार होती का? मी म्हटलं, नाही. बघ, पोटरी कुठे लिहिलीय का ह्यात? कुठेच नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं चालतं आमच्यात. पण तयार नसलेला माणूस सात पावलं चालला कसा, ते लिहायला हवं होतं, कुणाचं तरी नाव हवं होतं तिथे. माझं पेन तिथे अडलं. आणि मला आपसूक तू आठवलीस. मी तुला बघितलंही नव्हतं, माझी ड्युटी दोनला संपायची, तू चारला यायचीस. म्हटलं, मुलगी आहे, तिने सांगितलं होतंच की, खोटं काय त्यात? आणि शब्दसुद्धा निवडून घातला, प्रेसिंग नाही घातला, इन्सिस्टन्स नाही — अर्जिंग. मायेचा शब्द घातला. तुला लागू नये म्हणून! मनात म्हटलंसुद्धा, बघ, किती सांभाळून लिहिलं. मी एवढी सांभाळून लिहिणारी आहे.

त्या दिवशी बघितलं मग तुला. दोनला माझे पाय निघेनात, चार वाजत आले तरी समोरच्या बसथांब्यावर बसून होते मी, आणि तू बसमधून उतरलीस. त्यांनी सांगितलं होतं, माझ्या पोरीला दुरून ओळखाल, ती डावखुरी आहे, मी तिच्या कपड्याला खिसा डावीकडे लावतो. खिसा डावीकडे होता. हातात चपलांचा खोका. नवा. तू जवळजवळ पळत होतीस, दार उघडायची वेळ झाली होती म्हणून. माझ्या एवढ्या जवळून गेलीस की खोक्यावरची दोरी दिसली मला. मी हाक मारू शकले असते. तुला आधी सांगू शकले असते की आता पळू नकोस. माझी बस आली, मी चढले.

काय? — खांद्याचं? तुला सांगितलं होतं त्यांनी? काय म्हणाले होते, अर्धा इंच — हो, डावा, हाच. आणि काय म्हणाले? नको. नको, ते नको सांगू मला. चांगली आहे म्हणाले असतील तर ते तुझ्यापाशीच ठेव.

दे कागद. मी फाडत नाही, भिऊ नकोस — भिऊ नका. ‘तू’ म्हणायचा हक्क राहिला नाही आता मला. आमच्यात नोंद फाडायची नसते, खोडायचीही नसते, वर पांढरं फासायचं तर नाहीच. चुकलेल्या शब्दावर एक रेघ, एकच, सरळ, खालचं वाचता आलं पाहिजे की आधी काय लिहिलं होतं — आणि वर बरोबर शब्द. पहिल्या दिवशी शिकवते हे मी पोरींना. हे पट्टीने मारते. ऑन डॉटर्स अर्जिंग — ही रेघ. वर लिहिते, गोडेड बाय नर्स. दिसतंय? आणि खाली, जिथे जागा आहे तिथे — पेशंटने पोटरी दुखत असल्याचं सांगितलं होतं, नर्सने तपासलं नाही. इंग्रजीतच लिहिते, तुमचा भाऊ वाचेल. मुलगी हजर नव्हती. आजची तारीख. वेळ — चार चाळीस. आणि सही नाही, पूर्ण नाव लिहिते, एकेक अक्षर सुटं, त्याला शोधायला सोपं जाईल. कुठे न्यायचं ते त्याला ठरवू दे, तुम्ही ठरवा, कुणाकडे जायचं तिकडे जा. मी कुठे जात नाही. रोज पाच ते सात क्लास असतो, बाकी घरातच असते.

घ्या. घडी घालू नका, शाई ओली आहे. आणि मुलाला — नाही, मी कोण सांगणारी. मी काहीच सांगत नाही तुम्हाला.

उठलात? बरं. पोरी येतील आता, त्यांनी तुम्हाला असं बघायला नको. जा तुम्ही. पर्स राहिली खुर्चीवर — हां. दार नुसतं लोटून घ्या, कडी मी लावते. नाही, चपला उभ्याने नका घालू, तोल जाईल, त्या स्टुलावर बसा. बसा म्हणजे — बसायचं असेल तर. घाई नाही. सावकाश होऊ द्या. तुम्हाला इथे कुणी चला म्हणत नाहीये.